खरवडीशिवाय ग्रेव्ही

आर्डिस कोलारच्या मनातून माणूस एकदा उतरला की परत वर चढत नसे, आणि उतरवायला तिला फार काही लागायचंही नाही. मांसावर ओतायची ग्रेव्ही पुरायची. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणात ज्यानं दुकानातली तयार ग्रेव्हीची बरणी उपडी केली, तो तिच्या लेखी मेला. पाद्र्याच्या बायकोनं एकदा गाठी झालेली ग्रेव्ही मिक्सरात फिरवली होती. त्या दिवसापासून आर्डिस चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायला लागली, म्हणजे त्या बाईशी हात मिळवावा लागू नये.

तिची स्वतःची रीत ठरलेली. टर्की, कोंबडीहून कितीतरी थोराड पक्षी, ओव्हनात भाजून बाहेर काढली की तो भलामोठा ट्रे तसाच शेगडीवर आडवा चढवायचा. चरबी वाटीत काढायची आणि ट्रेच्या बुडाला धरलेली तांबूस खरवड उलथन्यानं खरडखरड खरडायची. चरबीत मैदा टाकून कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, आणि मग बटाटे उकडलेलं पाणी. दूध नाही, साय नाही, पुडीतली पावडर तर नाहीच. नवरा एल्डन जिवंत होता तोवर शेतावरच्या त्या स्वयंपाकघरात निम्मं कोलार खानदान जेवून उठायचं आणि उठताना ट्रेमध्ये पाव पुसायचं.

एल्डन गेला, शेत खंडानं दिलं, आर्डिस गावातल्या दोन खोल्यांत आली आणि थँक्सगिव्हिंग लेकीच्या, जोलीनच्या घरी गेलं. मग एकेक गोष्ट निसटत गेली. भोपळ्याचा गोड 'पाय' बेकरीतून येऊ लागला, टर्कीत भरायचं सारण खोक्यातून. उरली ग्रेव्ही. "आई, तू फक्त ग्रेव्ही कर," असं जोलीन फोनवर म्हणायची. त्या 'फक्त'नं आर्डिसच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण ती जायची. कारण शेगडीपाशी तिला उभं राहायला आता तेवढीच जागा होती. तीही गेली, तर पुढच्या वर्षी आपली रवानगी बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. जावयाची आई तिथंच बसायची, टीव्हीवरच्या फुटबॉलपुढं तोंड उघडं टाकून, मांडीवर कुत्रं घेऊन. जेवायला उठवलं की उठायची.

यंदाही आर्डिस आपली तारेची रवी टॉवेलात गुंडाळून निघाली. जोलीनच्या दारात उतरली तर जावई, ट्रेंट, गाडी लावायच्या जागेत डोळ्यांवर चष्मे-बिष्मे चढवून उभा. पुढ्यात गॅसवर पिंपाएवढं पातेलं, त्यातून धूर.

"काय रं, डांबर उकळतोयस व्हय?"

"टर्की तळतोय, सासूबाई! शेंगदाण्याचं तेल आहे. पाऊण तासात काम तमाम. सगळा रस आतल्या आत राहतो."

"आन् खरवड?"

"कसली खरवड?"

कुंपणाच्या तारेत मुंडी अडकलेल्या वासराकडं बघावं तशी आर्डिस त्याच्याकडं बघत राहिली. "भाजताना टर्कीखाली ट्रेमधी जे गळतं, चिकटतं, ते. ग्रेव्ही कशाची करू मी? तुझ्या चष्म्याची?"

"अहो, ट्रेच नाही! तेवढंच एक भांडं कमी घासायचं," असं म्हणून तो हसला. मोठा शोध लावल्यासारखा.

आत जोलीन आधीच हात पुसत पुढं आली. "आई, आता चिडू नकोस. बरणी आणलीय मी. दोन आणल्यात." ओट्यावर दोन बरण्या होत्याच. आत तपकिरी रंगाचं काहीतरी, भिंत लिंपायला बरं.

"टर्कीची मान, काळीज, कलेजी? पोटातून निघती ती पिशवी तरी ठेवलीस का? त्यात कायतरी जमवते."

"ट्रेंटनं कुत्र्याला घातली."

कुत्रं कोपऱ्यात मिशा चाटत पडलं होतं. या घरात नीट जेवलेलं तेवढं एकच, आर्डिसच्या मनात आलं.

एवढ्यात लोरेटा आली. एल्डनची बहीण, म्हणजे आर्डिसची नणंद. लोरेटाही आर्डिसच्या मनातून कधीच उतरलेली. ही बाई ऑक्टोबरातच टर्कीचे नुसते पंख विकत आणायची, भाजून त्यांची ग्रेव्ही करायची आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गोठवून ठेवायची. जिवंत माणसासाठी तिरडी बांधून ठेवावी तसलं काम. ओट्यावरच्या बरण्या बघून लोरेटाला सगळं कळलं. तिनं हातातली बर्फाची पेटी खाली ठेवली.

"वैनी, माझ्याजवळ हाय बगा डबा. आसू द्यावा म्हनून आनला."

"वन्सं, तुमी काय, घर पेटंल म्हनून बंब घिऊनच हिंडता का?"

"पेटलंय की," लोरेटा म्हणाली.

आर्डिसनं बरण्यांकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. दोन्हीकडं नाक मुरडावं असंच होतं. पण डब्यातल्या पंखांनी निदान आग तरी पाहिली होती. तिनं डबा घेतला. गोठलेला गोळा पातेल्यात टाकला, बटाट्याच्या पाण्यानं सैल केला, मिरी दळली आणि रवी फिरवत शेगडीपाशी उभी राहिली, दरवर्षी राहायची तशीच. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. लोरेटा शेजारी ग्लास पुसत राहिली. 

सगळे जेवायला बसले. ट्रेंटनं कुस्करलेल्या बटाट्यात खळगा केला, काठोकाठ ग्रेव्ही ओतली, घास घेतला आणि डोळे मिटले.

"सासूबाई, आजवरची सगळ्यात भारी! खरं सांगतो, दरवर्षीपेक्षा कितीतरी भारी."

"खरंच गं आई," जोलीननंही मान डोलावली.

आर्डिसचा घास तोंडातच राहिला. इतकी वर्षं मनगट मोडेस्तोवर ट्रे खरडला तो या जिभांसाठी! लोरेटा मान खाली घालून मटार टोचत होती. गप्प बसलं असतं तर भागलं असतं, शेगडीही राहिली असती. पण गोठवलेल्या पंखांचं कौतुक आपल्या नावावर गिळून गप्प बसायचं तिच्या रक्तात नव्हतं.

"ही माझी न्हाई. वन्संची हाय. डब्यातली."

ट्रेंटचा चेहरा उलट खुलला. "मग तर प्रश्नच मिटला! पुढच्या वर्षी लोरेटा आत्या दोन डबे आणतील आणि तुम्ही निवांत बसा." काट्यानं त्यानं सोफ्याकडं खूण केली. त्याची आई लगेच म्हणाली, "या की माझ्याजवळ. कुत्र्याची ऊब चांगली असते पायांना."

आर्डिसनं रुमाल ताटाशेजारी ठेवला.

"म्होरल्या साली जेवान माझ्या घरी."

"आई, अगं दोन खोल्या तुझ्या! खुर्च्या तरी आहेत का एवढ्या?"

"हुबं ऱ्हाऊन खावा. जनावरं खात्यातच की."

"मग मी ते तळायचं पातेलं घेऊन येतो, म्हणजे तुमच्या छोट्या ओव्हनला—"

"ते पातेलं माझ्या गल्लीत दिसलं, तर त्यात तुलाच तळीन. टर्की मी भाजनार, ट्रेमधी. ज्याला यायचं त्यानं यावं. न्हाई आला त्याचं ताट वाचलं."

 मटारांवरून डोळे वर करून लोरेटानं विचारलं, "मी काय आनू, वैनी?"

 आर्डिसनं पळीभर ग्रेव्ही स्वतःच्या ताटात ओढली.

"पंखं आना. कच्चीच आना, शिजवून न्हाई. टर्कीच्या बुडाला टाकू, खरवड वाढंल." घास घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "आन् मीठ कमी पडलंय हिच्यात. ह्यास्नी काय कळतंय."