गच्चीवरचे मतदान

मी एका उपनगरी महाविद्यालयात आयुष्यभर अमेरिकेचा इतिहास शिकवला. विद्यार्थ्यांना तो नको असे. वेळापत्रकात होता म्हणून बसत. नव्या प्रजासत्ताकातल्या निवडणुकांचा भाग आला की मात्र वर्ग जागा होई. त्यात रम होती.

व्हर्जिनियात तेव्हा मत गुप्त नसे. मतदाराने कचेरीच्या आवारात सर्वांसमक्ष उभे राहायचे आणि विधानमंडळासाठी आपला उमेदवार मोठ्याने सांगायचा. उमेदवार तिथेच बसलेला. तो उठून मतदाराचे आभार मानी. बाहेर मतदारांसाठी रमची पिंपे. ज्यांनी देश उभारला त्यांनी पक्षबाजीला रोग म्हटले आणि थोड्याच वर्षांत स्वतः दोन पक्ष काढले. टोपीवरची फीत कोणत्या रंगाची, हे पाहून नमस्कार करायचा की नाही ते ठरू लागले. एका पक्षाची वर्तमानपत्रे दुसऱ्याला राजेशाहीचे हस्तक म्हणत, दुसऱ्याची पहिल्याला फ्रान्सचे.

हे सारे आता मागे पडले, असे सांगून मी तास संपवत असे. ते मागे पडले नव्हते. मुलुंड पूर्वेला, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ते मी पुन्हा पाहिले.

विधानसभेची निवडणूक होती. आमच्या भागातला जुना पक्ष फुटला होता आणि दोन्ही तुकडे स्वतःलाच मूळ म्हणवत होते. दोघांचे उमेदवार काल-परवापर्यंत एकाच मोटारीतून हिंडत. त्यांतल्या एकाने सेक्रेटरीला शब्द दिला: आवारात पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशाच्या पायऱ्यांवर रॅम्प. अट एकच, इमारतीची गठ्ठा मते. सेक्रेटरीला वाटले, शब्दाला पुरावा हवा. त्याने गच्चीवर सभा बोलावली. उमेदवाराचा माणूस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवला आणि रहिवाशांना हात वर करायला सांगितले. एकेक हात वर होई तसा तो माणूस अर्धवट उठून नमस्कार करी. रमऐवजी पियुष होते. पातळ.

पेव्हर ब्लॉक कोणालाच नको होते. रॅम्प एका माणसाला हवा होता.

तो माझा शेजारी. मालवणकडचा, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्यात पहारा करून निवृत्त झालेला. पक्षाघातानंतर त्याची बायको चाकाच्या खुर्चीत होती. लिफ्ट खालपर्यंत येते, पण लिफ्टनंतर पायऱ्या आहेत. दवाखान्यात नेण्यापुरते तिला उचलून नेत. एरवी ती घरातच. सोसायटीच्या प्रत्येक सभेत तो रॅम्प मागत आला आणि प्रत्येक सभेने विषय पुढे ढकलला. अडचण अशी की तो जन्मभर पक्षाच्या दुसऱ्या तुकड्याचा माणूस. तरुणपणी त्याने त्यांच्यासाठी भिंती रंगवल्या होत्या. त्या भिंती रंगवताना शिडी धरणारा त्याचा मित्र तळमजल्यावर राहतो. तो मित्र सभेला आला नाही. जिन्यात उभा राहून पाहत राहिला.

शेजाऱ्याने हात वर केला. खुर्चीतला माणूस पूर्ण उठला.

मी हात वर केला नाही. सेक्रेटरी म्हणाला, "सर, तुम्ही काय परीक्षेला बसलाय का? करा ना वर!"

"माझे मत मी यंत्रात देतो. गच्चीवर कपडे वाळत घालतात."

लोक हसले. हात मात्र वरच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावरच्या मित्राने शेजाऱ्याकडे पाहणे सोडले. संध्याकाळचा चहा ते दोघे वर्षानुवर्षे एकत्र घेत, तोही सुटला. शेजारी मला एवढेच म्हणाला, "मास्तर, माका रॅम्प व्हयो."

उमेदवार निवडून आला, पण आमच्या बूथवर मागे पडला. हात वर झाले होते त्यांच्या निम्मीही मते त्याला मिळाली नव्हती. निकालाचे आकडे बूथवार मिळतात, हे गच्चीवर कोणाच्या ध्यानात आले नाही. खुर्चीतला माणूस पुन्हा आला, या वेळी उभ्यानेच बोलला आणि रॅम्प रद्द झाल्याचे सांगून गेला. मग इमारतीला गुन्हेगार हवा होता. हात वर करून मत फिरवलेल्यांनी तो ताबडतोब शोधला. सेक्रेटरी फाटकाजवळ शेजाऱ्याला सर्वांदेखत म्हणाला, "काका, भिंती रंगवलेला हात शेवटी तिकडेच वळला ना? वाट लावलीत आमची!"

हे ऐकून तळमजल्यावरचा मित्र बाहेर आला. शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शाब्बास रे! हात तिकडे, मत इकडे! मी उगाच रागावलो तुझ्यावर. चल, चहा घेऊ."

नुसती मान डोलावली असती तरी चहा परत मिळाला असता.

"नाय रे," शेजारी म्हणाला. "मत पण तेकाच दिलंय. हात वर केलंय मा."

मित्राने पाठीवरचा हात काढून घेतला. सेक्रेटरीने मोबाइलमध्ये पाहिले. ज्याला वेगळे मत देण्याचे सर्वांत मोठे कारण होते तो एकटा शब्दाला जागला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी टाकले. वर्गात मी अशा प्रसंगाला बहुमताचे स्वरूप म्हणत असे. आता तितका सभ्य शब्द सुचत नाही.

कंपाउंडच्या भिंतीला प्रचाराचा एक फलक टेकून पडला होता: जाड प्लाय, वर फ्लेक्स, फ्लेक्सवर हात जोडलेले विजयी उमेदवार. मतदारांचे आभार मानून झाल्यावर तो न्यायला कोणी येत नाही. रविवारी सकाळी मी त्याची लांबी पावलांनी मोजली आणि शेजाऱ्याला खाली बोलावले. आम्हा दोघांना तो हलेना.

तळमजल्याचे दार उघडले. मित्र आला, फलकावरचा चेहरा पाहिला आणि एक टोक उचलले.

"पालथा घाला," तो म्हणाला. "ह्याचं तोंड खालीच बरं."

माझे कारण निराळे होते, फ्लेक्सवर चाक घसरते. फलक पायऱ्यांवर पालथा घातल्यावर कडेच्या लाकडी पट्ट्याही वर आल्या, त्यामुळे चाक बाहेर जाण्याची भीती राहिली नाही. मधल्या पायरीवर फलकाखाली मित्राने विटा सारल्या आणि वर उभा राहून दोनदा पाय आपटले. दोनदा पुरेसे होते. तिसऱ्यांदा त्याने आवडीने आपटला.

शेजाऱ्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, खाली आणले. शेजारी मागून खुर्ची धरून, मित्र पुढून. त्या दोघांत एक शब्द झाला नाही. सेक्रेटरी बाल्कनीतून म्हणाला, की यासाठी कमिटीची परवानगी लागते. तोवर खुर्ची फाटकाकडे वळली होती.

फाटकाशी कोळीण बसली होती. वहिनींनी एकेक बांगडा उचलून कल्ले उघडून पाहिले, सगळे परत टोपलीत टाकले आणि "शिळे आसत" म्हणाल्या. त्या निवडणुकीत आमच्या इमारतीने पारखून नाकारलेली वस्तू तेवढीच.