हिल्केच्या घरचं बाळंतपण

नेदरलँड्समधल्या फ्रानेकरला आमच्या शेजारी हिल्के राहते. गावातल्या निम्म्या पोरांना पोहायला तिनंच शिकवलं. पन्नाशी उलटल्यावर तिनं दुकानातून एक पिवळी, ठिपक्यांची गेको आणली. म्हणजे पाळीव पालच. नाव ठेवलं मिन्त्ये.

"लोक मांजर पाळतात," नवरा डाउवे म्हणाला. "आमच्याकडे पाल."

त्या वसंतात मिन्त्येचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं. खालच्या पातळ कातडीतून आतले दोन पांढरे गोळे दिसायला लागले. तिनं खाणं टाकलं आणि काचेच्या पेटीतला एकेक कोपरा उकरत सुटली. उकरायची, थांबायची, जागा पसंत नसल्यासारखी पुढे जायची. हिल्केनं एका पारदर्शक डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरलं, तो पेटीत ठेवला, आणि कॉफी घेऊन रोज समोर बसायला लागली. मीही जाऊन बसायचे.

"पहिलटकरणीच्या आईला नसते एवढी काळजी हिला," डाउवे म्हणायचा.

"तू तुझा पेपर वाच."

आणि नेमकी ती तलावावर शिकवायला गेली त्या दुपारी मिन्त्ये डब्यात शिरली. हिल्के परतली तेव्हा मी तिच्यासोबतच आत गेले. डाउवे जमिनीवर पालथा पडलेला, चष्मा काचेला टेकलेला.

"झालं," तो हळूच म्हणाला. "दोन. मऊ असतात गं, ओली. मग मागच्या पायांनी शेवाळ लोटून झाकली तिनं. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो."

"इतके दिवस मी बसले, आणि दिसलं तुला."

पुढचं मला दुसऱ्या दिवशी डाउवेनं सांगितलं. रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आता सांग. पहिल्यापासून." त्यानं सांगितलं. पुढे कुणाचाही वाढदिवस असो, केक कापला की ती त्याला ते सांगायला लावायची, आणि तो दर वेळी पालथे हात करून शेवाळ लोटून दाखवायचा.

एक अंडं आठवड्याभरात खपाटीला गेलं. दुसरं हिल्केनं बॉयलरच्या कपाटात उबेला जपलं. उन्हाळा सरताना त्यातून पट्ट्यापट्ट्यांचं, काडीएवढं पिल्लू निघालं. मिन्त्ये दुकानात नरासोबत राहिली होती, हे तेव्हा कळलं.

डाउवे जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा हिल्केकडे नवे शेजारी आले होते. ती त्यांना पेटी, डबा, शेवाळ सगळं सांगत होती, पालथे हात करून.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" त्यातल्या बाईनं विचारलं.

"हो तर," हिल्के म्हणाली, आणि माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.