घाटकोपरच्या चर्चमधलं दूध

गिरण्यांचा संप लांबत गेला तेव्हा मी चौथीत होते. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीतले बरेच गिरणी कामगार बायकापोरांना घेऊन कोकणात निघून गेले. आम्ही राहिलो, कारण गावी आमच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं. धाकटा भाऊ अजून अंगावर पीत होता. पेजेवर राहून राहून आईचं दूध आटलं. आधी तो सारखा रडायचा. मग रडेनासा झाला.

स्टेशनजवळ मेथडिस्ट चर्च होतं. कौलारू, ठेंगणं, बाहेरून एखाद्या शाळेसारखं. तिथे सकाळी तान्ह्या मुलांना दूध मिळतं आणि एक नर्सबाई पोरं तपासतात, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण शेजारच्या काकी म्हणाल्या, "आज दूध पाजतील, उद्या बाटवतील." वडिलांनी तेच धरून ठेवलं.

"थंय पाय ठेवलंस तर परत घरात येव नको," ते आईला म्हणाले.

"पोराकडे बघा तरी एकदा."

त्यांनी बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. हल्ली ते तसेच बसत.

एका सकाळी आई कुणाला न सांगता आम्हा दोघांना घेऊन खाली उतरली. नर्सबाईंनी भावाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची चुणी तशीच उभी राहिली, अंगात पाणीच उरलं नव्हतं.

"इतके दिवस काय करत होतीस गं?" त्या ओरडल्या.

चर्चच्या पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, धावत जाऊन रिक्षा आणली आणि आईला नि भावाला हॉस्पिटलात नेलं. मी डोंगर चढून वडिलांना बोलवायला गेले. ते अनवाणीच निघाले.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पाळक आमच्या समोरच बसले होते. वडिलांनी सरळ विचारलं, "आमका बाटवून तुमका काय मिळता?"

पाळक रागावले नाहीत. म्हणाले, "माझे आजोबा दुष्काळात नगरकडून चालत आले. एका मुलीला वाटेतच पुरून. इथे त्यांच्यासारख्या चार घरांनी मिळून भाड्याच्या खोलीत प्रार्थना सुरू केली, आणि त्याच खोलीत पोरांना दूध वाटायला लागले. चर्च खूप नंतर बांधलं. आता आमचीही माणसं पांगली. दूध कधी बंद पडेल, सांगता येत नाही."

वडील खाली मान घालून ऐकत होते. दुपारी आतून आईची किंकाळी आली.

तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. काका गावी, सोबतचे कामगार गावी. आईला शेजारणींनी धरून ठेवलं होतं. मुली स्मशानात जात नाहीत, पण मी वडिलांचा सदरा सोडला नाही, आणि मला सोडवायला कुणी नव्हतं. पाळकांनी चपला काढल्या, बाह्या दुमडल्या, कुदळ घेतली. वडील पोराचं गाठोडं छातीशी धरून उभे. माती लोटून झाल्यावर ते म्हणाले,

"तुमचा काय असता ता म्हणा."

पाळकांनी डोळे मिटले आणि हळू आवाजात, आपल्याच मराठीत, देवाला काहीतरी सांगितलं. वडिलांनी हात जोडले होते.

आम्हाला कुणी बाटवलं नाही. वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. ते मिळेल तिथे हमाली करायला लागले. आई चर्चच्या शिवणवर्गात जाऊ लागली. दूध कसंबसं चालू राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात काकींच्या नातवाला जुलाब लागले. त्याला घेऊन त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "चल ना गं माझ्याबरोबर. मला एकटीला तिथे जायची लाज वाटते."

आईने हातातलं काम टाकलं, पोराला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि काकींच्याही पुढे धावत सुटली. ते पोर वाचलं.

घरी आल्यावर आई जेवली नाही. "उदंड आयुष्य मिळो त्याला," म्हणाली, आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडत राहिली. वडील बाहेर पायरीवर बसले होते. त्यांना आत यायचं धाडस झालं नाही.