हेडफिटर, कराची

जिनिंगमध्ये सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि किस्से अंगाला चिकटतात. सीझन संपल्यावर कपडे कितीही झटका, एखादा निघतोच. खामगावच्या आमच्या जिनिंगचे माझ्याकडे असे बरेच साठलेत.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. जिनिंग एका परदेशी कंपनीची, युनियन आमची, तीही नवीकोरी. अध्यक्ष नामदेवभाऊ. जानेफळचे, जिनिंगचे हेडफिटर, बोलणं मोजकं. सेक्रेटरी मी, कारण माझं अक्षर चांगलं होतं. दुसरी लायकी कोणी विचारली नाही.

*

उंद्रीची कौसल्याबाई जिनवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकायची. एका दुपारी तिचा पदर फिरत्या पट्ट्यात गेला. तिनं शेजारचा खांब धरला, तो लुगडं फाटेपर्यंत सोडला नाही. जीव वाचला, खांदा सोलून निघाला.

तिसऱ्या दिवशी ती आली ती सरळ मॅनेजरच्या ऑफिसात. मागोमाग आम्ही.

"साहेब, पट्ट्याले जाळी पायजे."

मॅनेजर म्हणाले, "कंपनीची कराचीलाही जिनिंग आहे. तिथले लोक तुमच्यापेक्षा रुईच्या जास्त गाठी बांधतात आणि जाळी मागत नाहीत."

"तिथल्या बायाईले पदर नसन," कौसल्याबाई म्हणाली. "आमाले हाय."

*

मग कंपनीचे गोरे साहेब पाहणीला आले. कौसल्याबाईपाशी थांबले, काही तक्रार आहे का म्हणून विचारलं. तिनं पट्टा दाखवला, खांदा दाखवला, सगळी हकीकत सांगितली. चांगली पाच मिनिटं.

मॅनेजरनी भाषांतर केलं, "शी इज व्हेरी हॅपी, सर."

मी मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास. पण एवढं कळलं. पुढे झालो आणि म्हणालो, "नो, सर."

पुढचं इंग्रजी येईना. म्हणून पुन्हा म्हणालो, "नो, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं आणि मोटारीत बसून निघून गेले.

"काय म्हनला बे तू त्याले?" कौसल्याबाईनं विचारलं.

"नाही म्हणालो."

"एवढंच?"

"एवढंच येत होतं."

"पुरे हाय," ती म्हणाली.

*

पण जाळी काही आली नाही. प्रत्येक मीटिंगला मॅनेजरची कराची ठरलेली. पाण्याचा माठ मागितला, कराची. जेवायला सावली मागितली, कराची. शेवटी रहीमभाई वैतागले. ते देऊळघाटचे, प्रेसवर गाठी बांधायचे.

"इतकं कराची कराची ऐकून राह्यलो, एकदा तिथल्याईलेच विचारू ना," म्हणाले आणि उर्दूत पत्र लिहायला बसले.

पत्र झालं, पण पाकिटावर नाव कोणाचं? तिथं आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं.

"हेडफिटर लिहा," नामदेवभाऊ म्हणाले. "जिनिंग हाय तिथं हेडफिटर असतेच."

पोस्टमास्तरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "माणसाचं नाव नाही?"

रहीमभाई म्हणाले, "तेच तर आत विचारलं हाय."

*

उत्तराची वाट पाहत असताना मॅनेजरनी मला बोलावलं. "अक्षर चांगलं आहे तुझं. ऑफिसात ये. खुर्ची आहे, पंखा आहे. फक्त ते युनियनचं सोड."

माझं लग्न ठरत होतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू? नामदेवभाऊंना सांगितलं. ते पाना पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "जा की. पण त्या खुर्चीवरून जिन दिसते का, पाहून घे."

मी पाहून आलो. दिसत नव्हती.

गेलो नाही.

*

दोन महिन्यांनी पत्र आलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे कडुलिंबाखाली जमले. रहीमभाई वाचता वाचता मधेच थांबले.

"काय लिवलं?" कौसल्याबाईनं विचारलं.

"तिथला हेडफिटर लिवते, आमचा साहेब म्हणतो, खामगाववाले तुमच्यापेक्षा जास्त गाठी बांधतात. आन तिथं कोणी जाळी मागत नाही."

कौसल्याबाईनं अर्धी भाकर परत फडक्यात बांधली. "चला."

मॅनेजरच्या टेबलासमोर रहीमभाईंनी एकेक ओळ वाचली, मी तिचं मराठी करत गेलो. मॅनेजरनी पाकीट उलटून शिक्का पाहिला आणि म्हणाले, "हे पत्र माझ्याकडे राहू द्या."

"नक्कल ठेवा," नामदेवभाऊ म्हणाले. "आन जाळी बसल्याबिगर आता जिन फिरणार नाही."

चार दिवस जिनिंग बंद राहिली. बाया रोज वेळेवर यायच्या, कडुलिंबाखाली बसायच्या, वेळेवर जायच्या. पाचव्या दिवशी बैलगाडीतून जाळ्या आल्या. नामदेवभाऊंनी स्वतःच्या हातानं बसवल्या.

संध्याकाळी मी आणि रहीमभाई कराचीचं उत्तर लिहायला बसलो. "काय लिहायचं?" मी विचारलं.

कौसल्याबाई जाळीवर हात ठेवून उभी होती.

"जाळी बसली म्हनून लिव," ती म्हणाली. "मापासगट लिव, त्याईलेबी लागन."