कपाटातली अढी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि माझं अक्षर बघून आमचे हे म्हणतात, कागदावरून मुंग्यांचं वऱ्हाड निघालंय. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा चुकलं तर माफी असावी. कुणाला दाखवायला लिहीत नाहीच. पण त्या पीचच्या रसाची आठवण झाली की मी एकटीच हसत बसते, आणि एकट्या हसणाऱ्या बाईकडे घरातले काळजीने बघतात. लिहिता लिहिता हसलं तर चालतं.

सून रियाला दिवस गेले म्हणून आमच्या नितीनने आम्हा दोघांना अमेरिकेत, वेस्ट विंडसरला बोलावून घेतलं. मी मेतकूट, डिंक, अळीव घेऊन गेले. (अळीव विमानतळावरच गेले.) पण रियाच्या पोटात काही ठरेना. वरणाचा वास नको, भाताची वाफ नको. पाणी प्यायली तरी लगेच बेसिनकडे धाव. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येत्या सोमवारपर्यंत पोटात काही राहिलं नाही तर ॲडमिट करून सलाइन लावू. पोर सुकून काडी झाली होती.

रियाचा जन्म अमेरिकेतल्याच जॉर्जियाचा. तिचं मराठी माझ्या इंग्रजीएवढंच, त्यात मी मूळची लाजरी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो आणि आपापल्या खोलीत जायचो. एका दुपारी सोफ्यावर पडल्या पडल्या ती म्हणाली, "आई, मला फ्रेश पीच ज्यूस पायजे. लहान होती, तेव्हा प्यायची."

डोहाळे! सुनेने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी नितीनला पिटाळलं. त्याने आधी बाटलीतला ज्यूस आणला, तो एका घोटात परत आला. मग पेटीभर पीच आणले. इतके कडक, की एखादा हातातून पडला तर फरशीची काळजी वाटावी.

"आई, ज्यूसर ऑर्डर करू?"

"त्याचा आवाज ऐकूनच तिला मळमळेल. तू ऑफिसचं बघ, मी रसाचं बघते."

आमच्याकडे रस म्हणजे आंब्याचा, आणि आंबा म्हणजे आधी अढी. गवतात दाबून ठेवला की फळ उबेने पिकतं. गवताची सोय यांनी केली. शेजारी एक गोरे आजोबा ससे पाळायचे. यांनी खुणा करून त्यांच्याकडून पिशवीभर सुकं गवत आणलं. इंग्रजीत अढी समजावण्यापेक्षा आपल्याकडेही ससा आहे म्हणून सांगणं यांना सोपं वाटलं. तेव्हापासून आजोबा रोज कुंपणापाशी सशाची चौकशी करायचे. नावही विचारलं. यांना दुसरं काही सुचेना, म्हणाले, "नितीन."

अढीला जागा उबदार हवी. अख्ख्या घरात एसी, फक्त रियाच्या खोलीतल्या कपाटात वारं पोचत नव्हतं. तिथे रजयांच्या मागे खोक्यात गवत, गवतात पीच, वर जुनं लुगडं. रियाला, नितीनला काही बोलले नाही. एकदम रस समोर ठेवायचा होता.

त्याच संध्याकाळी रियाला शिंका सुरू झाल्या. आधी ओकाऱ्या, त्यात शिंका.

नितीन म्हणाला, "ही ॲलर्जी आहे यार. पण कशाची?"

शोध सुरू झाला आणि शोधात सगळ्यात पुढे मी! उदबत्ती बंद केली. यांची पावडर फेकली. हॉलमधलं झाड बाहेर काढलं. यांची लोकरीची शाल गरम पाण्यात धुतली, ती आटून मफलर झाली. तरी शिंका थांबेनात. दिवसातून दोनदा मी कपाट उघडून फळं परतायची आणि शिंकणाऱ्या सुनेला म्हणायची, "येऊ देत बाई. डोकं मोकळं होतं."

रविवारी नितीनने रजईसाठी कपाटात हात घातला.

"आई, इथे गवत का आहे?"

"अढी आहे."

"आई, रियाला गवताचीच ॲलर्जी आहे. लहानपणापासून."

"मग मला कुणी सांगायचं नाही का?"

"कपाटात गवत असेल असं कुणाला वाटेल?"

"मी तर आधीपासून म्हणत होतो," हे म्हणाले. (गवत आणणारे हेच.)

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवार उद्यावर आलेला, आणि मी पोरीच्या त्रासात भर घालून बसलेली. पण लुगडं उचललं तर पीच असे पिकलेले, की नुसत्या बोटाने साल दबत होती. मी खोकं उचलून मागच्या डेकवर, लाकडी ओट्यावर नेलं, फळं धुतली आणि आंबा हाताने दाबून दाबून माचतात तशी माचायला बसले.

आंबा शहाणा असतो, दाबलं की रस देतो. पीचची कोय गर सोडेना, आणि वरची लव धुऊनही गेली नव्हती. आधी मनगटं खाजली, मग कोपर, मग मान. हात रसाने भरलेले, खाजवू कशी? मी मान खांबाला घासू लागले, तेवढ्यात गांधीलमाश्या आल्या. हे पंचा फिरवत माझ्याभोवती धावू लागले. पंचा माश्यांपेक्षा मला जास्त लागत होता.

काचेच्या दारामागे रिया उभी होती आणि पोट धरून हसत होती. आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पेटीभर फळांचा पेलाभर रस निघाला, तोही बघता बघता चहासारखा काळवंडला. मी लाजतच पुढे केला. तिने घोट घेतला, मग दुसरा, मग पेला रिकामा केला. आम्ही तिघं दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघावं तसे तिच्याकडे बघत बसलो. अर्धा तास गेला. तास गेला. रस राहिला! वर तिने पेज मागितली, तीही राहिली. सोमवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सलाइन नको.

पण त्या रविवारी घरात ओकाऱ्या झाल्याच. कोयींना चिकटलेला गर टाकवेना म्हणून पेटीभर कोयी मी चोखल्या होत्या. मी बेसिनवर वाकलेली, आणि रिया एका हाताने माझं कपाळ धरून दुसऱ्याने पाठ चोळत होती. मग तिने अगदी काळजीने विचारलं,

"आई, तुमाला कितवा महिना?"

मला हसू आवरेना, पण तोंड तेव्हा दुसऱ्याच कामात होतं.