खंडेनवमीला चालू राहिलेलं मशीन

निवृत्त झालो, गणवेश कपाटात गेला, तरी ती घटना आजही आठवते आणि आठवली की मान ताठ होते. खोटी विनम्रता मला जमत नाही, तेव्हा सरळ सांगतो.

मी तेव्हा पुणे शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. मांजरीकडच्या एका पंपाच्या कारखान्याचे मालक तक्रार घेऊन आले. त्यांच्या नव्या पंपांची ड्रॉइंग बाहेर फुटत होती. सोबत डिझाइन विभागाचे प्रमुख होते, मालकांचे जुने विश्वासू. खबरही त्यांचीच. सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक वेळी त्यांच्या विभागातल्या एकाच मुलीचं नाव होतं आणि तिच्याच कॉम्प्युटरचा पत्ता होता. ती घरून त्या कॉम्प्युटरला जोडणी करून फायली काढते, असं प्रमुखांनी ठामपणे सांगितलं.

मालक पक्के पुणेकर. मी म्हटलं, चौकशी करू. ते म्हणाले, "अहो, नाव आम्ही दिलं, पुरावा आम्ही दिला. आता बेड्याही आम्हीच आणायच्या का?"

मुलगी वर्ध्याकडची, दोन मैत्रिणींबरोबर येरवड्यात राहणारी. आमच्या महिला उपनिरीक्षकांनी तिचा जबाब घेतला. ती रडली नाही, गोंधळली नाही. फाइल काढल्याच्या वेळा तिला दाखवल्या तेव्हा म्हणाली, "तेव्हा मी घरी असते जी. मशीन बंद करूनच निघते. तुम्ही पाहा ना." तिचे वडील गावाहून येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. चहा दिला, तो तसाच गार झाला. माणूस खोटं बोलतो तेव्हा सहसा जास्त बोलतो. या बाप-लेकीला बोलायची हौसच नव्हती.

पण माझ्या मनाला पटणं म्हणजे पुरावा नव्हे. अटक केली असती तर उद्या ती निर्दोष सुटली तरी कुठल्याही कंपनीने तिला दारात उभं केलं नसतं. मी मालकांना स्वच्छ सांगितलं, नोंद ही सर्व्हर सांगतो ती गोष्ट आहे, आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली एकाहून अधिक लोकांकडे आहे. मला त्या नोंदीवर विसंबायचं नाही. मला केबलवरून खरोखर काय जातं ते बघायचं आहे.

त्यासाठी एक साधी डबी असते, तिला टॅप म्हणतात. कार्यालय आणि सर्व्हरच्या मधली केबल काचेच्या तंतूची होती. त्यातून माहिती प्रकाशाच्या रूपात धावते. टॅप त्यातला थोडा प्रकाश बाजूला वळवतो आणि आपल्या मशीनला देतो. जाणारी माहिती एका तोंडातून, येणारी दुसऱ्यातून. त्याला वीज लागत नाही, नेटवर्कवर त्याचा पत्ता नसतो आणि तो स्वतः काहीही पाठवत नाही, म्हणून कोणालाच दिसत नाही. मजकूर कुलूपबंद असला तरी पाकिटावरचा पत्ता वाचता येतो, तसं कोणतं मशीन कोणाशी बोललं हे कळतं.

अडचण एकच. तो बसवताना केबल क्षणभर काढावी लागते. तेव्हा आम्ही गुरुवार निवडला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार, हे पुण्यात कोणाला सांगावं लागत नाही. नेट गेलं, कोणी मान वर करून पाहिलं नाही. मालकांची लेखी संमती आणि वरिष्ठांची परवानगी घेतली होती. पंचांसमोर टॅप बसवला आणि पंचनामा केला. कारखान्यात हे मालकांशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

खंडेनवमी तोंडावर होती. त्या दिवशी कारखान्यात सगळी यंत्रं पुसून, बंद करून पुजतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मालकांनी माझ्या सांगण्यावरून आदल्या दिवशी जाहीर केलं, की नव्या पंपाचं ड्रॉइंग सर्व्हरवर ठेवलंय आणि दसऱ्यानंतर ते दुसरीकडे हलवणार. चोराला घाई झाली पाहिजे, एवढाच हेतू.

नवमीला प्रमुखांनीच पुढाकार घेतला. प्रत्येक टेबलापाशी जाऊन प्लग काढायला लावले आणि कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं. मग सगळे खाली लेथपाशी आरतीला जमले. केबल गप्प असायला हवी होती. पण आमच्या मशीनवर हालचाल दिसली. कोणीतरी त्या मुलीच्या नावाने शिरलं आणि ड्रॉइंग काढलं. ती मुलगी खाली साध्या वेशात आलेल्या आमच्या उपनिरीक्षकांच्या नजरेसमोर आरतीत टाळ्या वाजवत उभी होती. पत्ताही तिच्याच कॉम्प्युटरचा वापरला होता. पण प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाला स्वतःचा क्रमांक असतो. तो बदलायचं चोराला सुचलं नव्हतं. क्रमांक प्रमुखांच्या केबिनमधल्या मशीनचा निघाला; तेवढं एकच चालू राहिलं होतं आणि आरतीला ते सगळ्यांच्या मागून उतरले होते.

त्यांना ठाण्यात बोलावलं. मी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, तिच्याच मशीनवरून गेलं असणार, नोंद बघा. मी विचारलं, तिच्या मशीनचा प्लग कोणी काढायला लावला?

"मीच. सगळ्यांचेच काढले."

"मग बंद मशीनवरून ड्रॉइंग गेलं कसं, साहेब?"

त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळं सांगितलं. त्या मुलीला रुजू होताना पासवर्ड त्यांनीच दिला होता आणि बदलू नको म्हणून बजावलंही होतं.

मालक मला म्हणाले, त्या मुलीला तुम्हीच कळवा. मी म्हणालो, बदनामी चार लोकांत झाली, आता निर्दोष आहे हेही चार लोकांत तुम्हीच सांगा. दसऱ्यानंतर कारखाना उघडला त्या दिवशी सगळ्या कामगारांपुढे त्यांनी तिची माफी मागितली. पुणेकर मालकाने माफी मागितलेली मी तेवढ्या एकदाच पाहिली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बरं झालं सर. आता मी राजीनामा देते. चोर म्हणून काढलं असं कोणी म्हणणार नाही जी."

सोबत आलेले तिचे वडील मात्र मान खाली घालून रडले.

या तपासाने मला एवढं शिकवलं, की समोरचा ठामपणे सांगतो म्हणून ऐकू नये, आणि कागदावर नाव आहे म्हणून माणूस उचलू नये. आधी गुपचूप ऐकावं. सेवेत अटका पुष्कळ केल्या, त्यांतल्या बऱ्याच आता आठवतही नाहीत. अभिमान आहे तो त्या मुलीच्या अटकेचा, जी मी केली नाही.