रेंज फाट्यावरच

जनावरांचे डॉक्टर प्रसेनजित गवई यांचं डोकं हल्ली कायम तापलेलं असायचं, आणि का तापू नये? जळगाव जामोदकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतली गुरं त्यांच्याकडे. अडलेली गाय सोडवायला हा माणूस भर पंगतीतून उठून गेलेला. पण वरच्या साहेबांना बैठकांचं वेड लागलं आणि डॉक्टरांचा हात जनावराला कमी, मोबाइललाच जास्त लागू लागला. सकाळी आढावा, दुपारी त्या आढाव्याचा आढावा!

त्या दिवशी झुंबरबाईचा फोन आला. "डॉक्टर, म्हैस अडली. लवकर या बाप्पा!"

डॉक्टर निघाले. फाट्यावर पोचतात तोच ऑनलाइन बैठकीचं बोलावणं. झुंबरबाईच्या गावात फोन कसाबसा लागतो, बैठक मुळीच चालत नाही. मागे एकदा मधूनच उठले, तर गैरहजेरीची नोटीस हातात पडली होती. म्हणून डॉक्टर लिंबाखाली गाडीवर बसून राहिले. विषय काय, तर पशुपालकाच्या दारी वेळेत कसं पोचावं! साहेब दळण दळत होते. मध्येच झुंबरबाईचा फोन यायचा आणि डॉक्टर तो कापायचे. साहेबांचा राग यायचा, त्याहून जास्त स्वतःचा यायचा, तरी कापायचे.

बैठक संपली तसे ते सुसाट गोठ्यात पोचले. हात घालून, घामाघूम होऊन पिल्लू ओढून काढलं. म्हैस वाचली. वगार मेलेली होती.

"फोन काऊन कापून राह्यले होते?" झुंबरबाईनं विचारलं.

"मीटिंग होती, मावशी."

"कायची?"

डॉक्टरांची मान वर होईना. "जनावरापाशी टाइमावर कसं पोचा लागते, त्याची."

झुंबरबाई भडकलीच. "आग लागो त्या मीटिंगले! काढा या मेल्या वगारीचा फोटो. दाखवा तुमच्या साहेबाले!"

डॉक्टरांनी फोटो काढला. फाट्यावर परत येताच ग्रुपवर साहेबांचा निरोप दिसला: 'आजच्या बैठकीनंतर केलेल्या कामाचे फोटो त्वरित टाका.' डॉक्टरांनी दात-ओठ खात तोच फोटो टाकला. खाली लिहिलं, 'बैठकीमुळे उशीर झाला. वगार मेली.'

लगेच साहेबांचा अंगठा आला. पाठोपाठ निरोप: 'उत्तम. इतरांनीही असेच फोटो टाकावेत.'